टाळाचं शेपूट

फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होतो. उन्हाळ्यामुळे सकाळची शाळा, दहाचा सुमार. वर्गात मी फोन घेत नाही, पण तो तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा नाव एकच दिसलं, भानुदासराव. शेवटी चिडूनच उचलला. या माणसाला वेळकाळ नाही. सेटमध्ये एखादा नवा कपॅसिटर बसवला की समोरचा शाळेत असो नाहीतर सुतकात, यांना लगेच सांगायचं असतं. "हं, बोला, आज काय बदललं?" मी जरा कुचेष्टेनंच म्हणालो. पलीकडून त्यांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा आवाज आला. "गुरुजी, तुमी या. टँकरनी... तुमी या लवकर."

पाथर्डीत पोचलो तर गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर तिरपा उभा होता. त्याच्या तोटीतून पाणी गळत होतं आणि कोणी तिला हात लावत नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात असं पाणी गळू देत नाहीत. भानुदासरावांना दवाखान्यात नेलं होतं. नेण्यात अर्थ नाही हे नेणाऱ्यांनाही कळत होतं. ड्रायव्हर शेजारच्या ओट्यावर डोकं धरून बसला होता आणि येईल त्याला एकच सांगत होता, "रिव्हर्सचं वाजत हुतं वो. कोनालाबी इचारा. समद्या गल्लीनं ऐकलं. मंग ह्यान्लाच कसं ऐकू न्हाई आलं?" लोक माना हलवत होते. खरंच होतं त्याचं. टँकर मागं येताना वाजणारी ती टीं टीं टीं शिटी चार घरं ओलांडून ऐकू जाते. तिथं जमलेल्या एवढ्या माणसांत त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. मी काही बोललो नाही. भानुदासरावांच्या बाबतीत न बोलण्याची मला सवय झालेली होती.

त्यांची माझी ओळख झाली तीच मुळी कानामुळे. मी नव्यानं बदली होऊन पाथर्डीला खोली घेतली होती. संध्याकाळी दार उघडं टाकून टेप लावून बसलो होतो. रस्त्यानं एक माणूस सायकलवरून पुढं गेला, दहा पावलांवर थांबला, सायकल वळवून परत आला आणि ओळखदेख नसताना दारातूनच म्हणाला, "मास्तर, तुमच्या टेपला घुर्र येतंय. आर्थिंग न्हाई घराला." मला काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी आत येऊन माझा कान स्पीकरच्या जाळीला जवळजवळ चिकटवला, तेव्हा कुठं ती बारीक घुर्र लागली. सायकलवरून जाताना रस्त्याच्या पलीकडून हे ऐकणारा माणूस! मी त्यांना चहा दिला आणि अठ्ठावीस वर्षं देतच राहिलो. ते मला मास्तर म्हणत, मी त्यांना भानुदासराव. मैत्री एवढी जुनी, पण आमचं अहोजाहो काही सुटलं नाही.

ते साखर कारखान्यात फिटर होते, जिथं ऊस गाळला जातो त्या मिल हाऊसमध्ये. गाळप सुरू असताना तिथं दोन माणसं एकमेकांच्या कानात ओरडली तरी शब्द कळत नाही. त्या कल्लोळात भानुदासराव लांब पान्याचं एक टोक बेअरिंगला टेकवायचे, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून उभे राहायचे. कुठलं बेअरिंग चार दिवसांत जाम होऊन बसणार ते सांगायचे, आणि ते बसायचं. कारखान्यात कानात घालायला बोळे मिळत. यांनी ते कधी घातले नाहीत. "कान झाकून फिटरकी कशी व्हायची मास्तर? डोळं बांधून कोनी गाडी हाकतं का?" असं वर मलाच विचारायचे. मी शाळेत ध्वनीचा धडा शिकवणारा माणूस, मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मला त्यांचं कौतुकच वाटायचं.

घरातली पुढची खोली म्हणजे त्यांचा सेट. जुना रेकॉर्ड प्लेअर, स्वतः जोडलेला अँप्लिफायर आणि सुताराकडून मापानं करून घेतलेले छातीएवढे दोन स्पीकरचे खोके. खोक्यांच्या आत भरायला कापूस हवा, तर यांनी वहिनी माहेरी गेलेल्या बघून गादी उसवली होती. वहिनी परत आल्या त्या पहिल्या दिवशी पाठ टेकताच त्यांना कळलं. ती गादी शेवटपर्यंत मध्ये खड्डा पडलेलीच राहिली. पण वहिनींचा खरा राग होता तो आर्थिंगवर. दारालगत, गल्लीच्या कडेला, भानुदासरावांनी खोल खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरून तांब्याची पट्टी पुरली होती. ती जमीन ओली राहिली तरच आर्थिंग चांगलं लागतं. त्यामुळे टँकर आला की हे बादलीभर पाणी आधी त्या खड्ड्यात ओतायचे. "मानसाला प्यायला पानी न्हाई आन् हे खड्ड्याला पाजत्यात," असं वहिनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या. गल्ली हसायची. भानुदासराव पण हसायचे, आणि बादली ओतायचे.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायचो. आठवड्यात काही बदल केलेला असला की परीक्षा व्हायची, आणि परीक्षेची रेकॉर्ड ठरलेली, एका जुन्या भजनाची. त्यात एका जागी गाणं थांबतं, मृदंग थांबतो आणि फक्त टाळांचा एक ठोका पडून विरत जातो. ते विरणं शेवटपर्यंत, अगदी धाग्याएवढं होऊन तुटेपर्यंत ऐकू आलं पाहिजे. त्याला ते टाळाचं शेपूट म्हणत. सेट कितीही भारी असो, त्यांचा एकच प्रश्न, "शेपूट येतंय का?" आणि सुई उचलून माझ्याकडे बघत, "मास्तर, आलं?" नेवाशापासून कर्जतपर्यंतची हा नाद असलेली माणसं नवा सेट घेतला की भानुदासरावांना नेऊन ऐकवायची. कुणी त्यांना गाडी पाठवायचं. कारखान्यातून निवृत्त झालेल्या फिटरला गाडी पाठवतात ती त्याच्या कानांसाठी, हे ते आडून आडून दोन-तीनदा तरी सांगायचे. त्यांची ही बढाई मला आवडायची.

पाचेक वर्षांमागं एका रविवारी ते म्हणाले, "मास्तर, शेपूट तुटाया लागलंय." मी ऐकलं. मला तर नेहमीसारखंच आलं. पण या माणसानं पूर्वी रस्त्यावरून घुर्र ओळखलेली, चूक माझीच असणार असं धरून मी म्हणालो, "हो, जरा कमी वाटतंय खरं." तो माझा पहिला खोटा शब्द, आणि तो खोटा आहे हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. मग त्यांनी सुई बदलली. नंतर वरचे स्वर काढणारे बारके स्पीकर, ट्विटर, बदलले. एसटीनं पुण्याला जाऊन कपॅसिटर आणले, सोल्डरचे सगळे टाके नव्यानं मारले, तारा बदलल्या. दर वेळी सेट थोडा जास्त किरकिरा व्हायचा आणि दर वेळी ते म्हणायचे, "अजून न्हाई." अँप्लिफायरवरचं ट्रेबलचं बटण महिन्या-महिन्यानं उजवीकडे सरकत गेलं. मी घरी गेलो तरी माझे कान तासभर झिणझिणत असत. तेव्हा मला कळायला लागलं.

वहिनींना माझ्या आधी कळलं होतं. मी दारात चप्पल घालत असताना त्या मला हळूच म्हणाल्या, "गुरुजी, मी मागनं हाक मारली तर ह्यान्ला कळत न्हाई. कुकरची शिटी कळत न्हाई. नगरला डॉक्टरला दाखवू म्हनलं तर अंगावर येत्यात. तुमी सांगा, तुमचं ऐकत्यात." मी सांगतो म्हणालो. त्यानंतर किती रविवार गेले ते मी मोजलेले नाहीत.

शेवटी या वर्षी संक्रांतीनंतर मी मनाशी ठरवून गेलो. माझ्या फोनमध्ये हवा तो एकसुरी आवाज काढणारं एक ॲप आहे. मी ते वर्गात पोरांना ऐकवतो. म्हटलं, ट्विटर तपासू. फोनची वायर अँप्लिफायरला लावली आणि खालून एकेक पट्टी चढत गेलो. पाचशे हर्ट्झला ते म्हणाले, "हां." हजारला, "हां." दोन हजारला जरा थांबून, "हां." तीन हजार ओलांडले आणि खोलीत टोचणारी शिटी भरून राहिली. भानुदासराव मान तिरकी करून स्पीकरकडे बघत बसले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बंद केला का?"

शिटी चालू होती. स्वयंपाकघरातून वहिनी कानावर हात ठेवून दारात आल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. ते पाठमोरे होते, त्यांना त्या दिसल्या नाहीत. सांगायची वेळ ती होती. 'भानुदासराव, सेट चांगला आहे, कान गेलेत' एवढी पाच-सहा शब्दांची गोष्ट. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं... मला ते जमलं नाही. कुणाचा हात पकडून तो तोडायचा असावा असं काहीतरी वाटलं. आणि खरं सांगायचं तर माझा स्वार्थही होता. त्यांना कळलं तर ते सेटवर फडकं टाकतील, माझे रविवार जातील, ही भीती मला होती. मी म्हणालो, "हो, बंद केला," आणि मग खरोखर बंद केला.

"मंग दोष कुठाय?" त्यांनी विचारलं. मला काहीतरी म्हणणं भाग होतं. "आर्थिंग सुकलं असेल. पाऊस कमी झालाय यंदा, जमीन कोरडी आहे." आर्थिंगचा आणि टाळाच्या शेपटाचा काडीचा संबंध नाही. हे मला ठाऊक, त्यांना तर माझ्याहून जास्त ठाऊक. ते म्हणालेही, "आर्थिंगानं घुर्र येतीया मास्तर, शेपूट न्हाई तुटत." मग उठून दारातून खड्ड्याकडे बघितलं. "पर बघू. समदं बदलून झालं, तेवढंच ऱ्हायलंय." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, ती काडी मी दिली. वहिनी आत गेल्या. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

त्यानंतर टँकर आला की भानुदासराव दोन दोन बादल्या खड्ड्यात घालू लागले. ओतून झाल्यावर तिथंच उकिडवे बसून पाणी मुरेपर्यंत बघत राहायचे. त्या दिवशीही तसेच बसले होते, गल्लीकडे पाठ करून. टँकर पुढच्या बोळात वळवता येईना म्हणून मागं आला. शिटी वाजत होती. ड्रायव्हरच्या आरशात भिंतीलगत बसलेला माणूस दिसला नाही. समोरच्या घरातली बाई ओरडली, "आबा, सरका!" तेही त्यांना ऐकू गेलं नाही. मी परवा तिथून जाताना टँकर मागं येत होता, तेव्हा त्याच फोनवर ती शिटी मोजली. तीन हजारांच्या थोडी वर भरली. मोजून मला काय मिळवायचं होतं, माहीत नाही.

दहावा झाला, तेरावा झाला. ड्रायव्हरला पोलिसांनी बोलावलं, सोडलं. लोक अजून म्हणतात, म्हातारा आपल्याच तंद्रीत असायचा, सेटचा नाद नडला. मी ते खोडून काढत नाही. कोणाला सांगू, आणि काय सांगू? इतके आठवडे गेले, हे पहिल्यांदाच लिहून काढतोय. त्यांना कानाचं मशीन मिळालं असतं. शेपूट कदाचित ऐकू आलं नसतं, पण टँकर ऐकू आला असता.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं. मुलगा पुण्याहून आला होता, सेट मी न्यावा असं त्याचं म्हणणं. गेलो तेव्हा टँकर नुकताच येऊन गेला होता आणि वहिनी दारात वाकून बादली ओतत होत्या... त्या खड्ड्यात. मी बघतोय हे पाहून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. त्यान्ला लागायचं." मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "गुरुजी, तुमीबी न्हाई सांगितलं, मीबी न्हाई." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

खोलीत सगळं होतं तसं. प्लेअरवर तीच रेकॉर्ड होती. ट्रेबलचं बटण उजवीकडे शेवटपर्यंत टेकलेलं. त्याच्या पुढं जागाच उरली नव्हती. मी ते तसंच ठेवलं आणि सुई टेकवली. त्या आवाजात बसवत नव्हतं. प्रत्येक टाळ कानात सळईसारखा जात होता, गाणाऱ्याचा स-श सुद्धा ओरबाडत होता. मुलगा बाहेर निघून गेला. एवढ्या कर्कश आवाजात बसून हा माणूस वर्षानुवर्षं, अजून कमी आहे, म्हणत होता, आणि मी शेजारी बसून मान डोलवत होतो. मग ती जागा आली. मृदंग थांबला, एक ठोका पडला आणि विरत गेला... विरत गेला... धाग्याएवढा झाला आणि तुटला.

सवयीनं मी सुई उचलली. ते विचारायचे तेवढा वेळ खोली शांत होती.

"आलं, भानुदासराव," मी म्हणालो. "मला पहिल्यापासून येत होतं."

सेट मी आणलेला नाही. तिथंच आहे.