डायवट

आमच्या चुलत सासऱ्यांसारखा, म्हणजे मामांसारखा, एकाच इंग्रजी शब्दावर सगळा संसार हाकणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. तामलवाडीजवळचा रस्ता रुंद होत होता, तेव्हा ठेकेदाराच्या माणसांकडून ते ‘डायवट’ शिकले. रस्ता होऊन गेला, शब्द राहिला. म्हैस कडब्याकडून गोठ्याकडं डायवट व्हायची, मोटरचं पाणी ज्वारीवरून कांद्याला डायवट व्हायचं, आणि पंगतीत वाढप्याला फर्मान सुटायचं, “आमटी इकडं डायवट कर रं!” एका दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तर हे ओरडले, “आरं, त्या बाभळीवरच्याला कुणीतरी डायवट करा की!” रडणाऱ्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या आणि मी, जावईमाणूस, शरमेनं चपलांच्या ढिगाकडं बघत बसलो.

पण खरी शरम पुढंच होती. त्यांच्या धाकट्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, “आधी कुठं बोलणी झाली होती का?”

मामा अगदी मोकळेपणानं म्हणाले, “व्हय, लातूरकडं ठरलंच होतं. तिकडं मोडलं, मग तुमच्याकडं डायवट केली.”

हातातला चहा कुणी तोंडाला लावेना. मुलाची आई तेवढी बोलली, “पोरगी हाय का ट्रक?” आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या आणि दार लागलं. पाहुणे ‘कळवतो’ म्हणून गेले, ते गेलेच.

तिन्हीसांजेला मामा ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. मान वर करीनात.

“जावई, त्या शब्दाचा खरा अर्थ काय हो?”

“वळवणं, मामा.”

“म्हंजी गुरं वळत्यात, तसं?”

मी मान हलवली. मुलगी दिवा लावायला बाहेर आली, तसे मामा तिच्याकडं न बघताच म्हणाले, “बाय, चुकलं माझं. लातूर म्याच ठरवलं, ह्ये बी म्याच. तुला इचारलंच न्हाय. तुला कुठं जायचंय?”

“धाराशिवला. नर्सिंगला,” ती म्हणाली. उत्तर इतकं तयार होतं, की आम्ही दोघंही वरमलो.

पोरगी निघाली, त्या दिवशी स्टँडवर एका ओळखीच्यानं हटकलं, “लेकीला कुठं धाडताय?”

“म्या कशाला धाडतोय? तिची ती चाललीया,” मामा म्हणाले आणि एसटी वळणाआड जाईपर्यंत डोक्यावरची टोपी काढून उगाच झटकत राहिले.