ओव्याचा वास

सकाळी समोरच्या ओट्यावर सुनंदा छाती दाबत ओवा चावत बसली होती. आमच्या गल्लीत छातीत दुखलं की ते पित्तच असतं आणि औषध म्हणजे ओवा. त्या पित्तानं शिंप्याचा तरणा पोरगा नेला, गवंडी नेला, आमची हीसुद्धा नेली. आम्ही म्हातारे पारावर ऊन खातो आणि तरण्यांना खांदा देतो. मी आधी जाणार, असं हिचं-माझं ठरलेलं होतं.

"सुनंदा, दवाखान्यात जा."

"आबा, पित्त आहे हो. कालची मिसळ बाधली," ती हसत म्हणाली.

"हीपण भज्यांना बोल लावतच गेली."

ती हसायची थांबली. नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून गेली.

दुपारी नवरा सांगून गेला, दुखणं हृदयाचंच होतं, वेळेत आणलं म्हणे. बरं वाटलं, आणि ही फार आठवली.

हिचा ओव्याचा डबा अजून फळीवर आहे. मी ओवा खात नाही, झाकण तेवढं उघडतो. हिच्या बोटांना हाच वास असायचा. मग लगेच घट्ट लावतो. वास उडून गेला तर काय करू?