दारापासून दारापर्यंत

आमच्या समोरच्या सुभद्राक्कांना कुणी म्हटलं, "आक्का, उद्या पुण्याला निघाले," तर त्या 'कशाला' असं कधी विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "दारातनं दारापतुर किती तास?" उत्तर ऐकलं की मगच परातीत पीठ. चार तास असले तर मऊ भाकरी आणि पिठलं, रात्रभराचा प्रवास असला तर दुधातल्या दशम्या, आणि त्यापुढं कितीही असो, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. माहेर वैरागचं, शाळा चौथीपर्यंत. पण गल्लीतलं कुणी उपाशीपोटी प्रवासाला गेलं असेल तर शपथ!

त्यांचा एकुलता एक महेश लंडनला नोकरीला. तो फोनवर सांगायचा, "आई, सात हजार किलोमीटर असू दे, नऊ तासांत मुंबई!"

"ते इमानाचं झालं. तुजं सांग."

मग बोटांवर मोजणी. घरापासून विमानतळ दोन, आधी जाऊन बसायचं तीन, विमानाचे नऊ, मुंबईत सामान हाती येईपर्यंत दोन, पुढं मोटारीनं सोलापूर आठ. "चोवीस झालं. म्हणं नऊ!"

आपल्या सोलापुरातून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा मी पेढेच घेऊन गेले. "आक्का, मुंबई आता तासाभरात! महेशचे सात तास वाचले."

"त्याचं इमान पहाटं उतरतंय. ह्ये कवा उडतंय? तवर मुंबईत बसून माशा मारायच्या व्हय त्यानं? चोवीसच धर." आणि वर, "पेढा मातुर लई चांगला हाय."

गेल्या थंडीत त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, म्हणाले, मुलाला बोलवा. मी फोन करून आत आले, तर माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांनी ओळखलं.

"निघाला व्हय? चोवीस तास... लई झालं गं. बघते."

बघितलं त्यांनी. एकवीस तास बघितलं.

महेश घरी पोचला तेव्हा बरोबर चोवीस झाले होते. बॅग हातातच. मला म्हणाला, "काकू, विमान नऊच तास होतं हो."

मी त्याच्या हातातली बॅग काढून घेतली.

आक्कांचे दिवसकार्य झाले. तो निघायच्या सकाळी मी आक्कांचं स्वयंपाकघर आवरत होते, तर फळीवरच्या डब्यात कडक भाकरी, फडक्यात बांधलेल्या, वर चटणीची पुडी. दुखण्याच्या आधीच कधीतरी केलेल्या. लेकाचं येणं काही त्यांच्या हातात नव्हतं. त्याच्या जाण्याची सोय मात्र बाईनं करून ठेवली होती.

डबा घेऊन, घराला कुलूप लावून, किल्ली माझ्याकडं देऊन महेश गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"काकू, पोचलो. दारातनं दारापर्यंत पंचवीस तास. उंबऱ्यात उभ्यानंच आईची भाकरी खाल्ली." मग म्हणाला, "पुढच्या वेळी तिकडचं दार कुठलं धरायचं हो?"

"आमचं धर की," म्हटलं. "रस्त्यावरनं आलं तर तुमच्यापेक्षा चार पावलं अलीकडंच हाय."