बनाबाईच्या पाचशे शेणी

बनाबाई मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज व्हायला नको. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलोत बापडे. आमच्या गल्लीत राहून तिच्या तोंडाचा पट्टा ज्यानं ऐकला नाही त्यानं खुशाल चांगलं बोलावं.

राजारामपुरीत तेव्हा घरांच्या मधे मधे मोकळे प्लॉट होते. दवाखाने, क्लास, फ्लॅट हे सगळं पुढचं. आमच्या घराला लागून असाच एक परगावच्या मालकाचा प्लॉट होता आणि त्याच्या कोपऱ्यात पत्र्याच्या खोलीत ही बाई एकटी राहायची. सकाळी गवळी म्हशी घेऊन कट्ट्यावर धार काढायला आले की मागोमाग ही पाटी घेऊन हजर. म्हशीनं शेण टाकायचा अवकाश, हिनं उचललंच. मग त्यात भुसकट कालवायचं आणि दिवसभर प्लॉटवर शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापत बसायचं. वास आमच्या घरात, माशा आमच्या घरात, आणि वर दादागिरी तिचीच. कुणाची सायकल चुकून प्लॉटवरनं गेली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

वाळलेल्या शेणींची ती हुडवी रचायची. म्हणजे गोल रास, आणि पावसाचा थेंब आत जाऊ नये म्हणून बाहेरनं शेणानं लिंपून घेतलेली. अशा दोन हुडव्या होत्या. रस्त्याकडची मोठी. तिच्यातल्या शेणी ती पोटापुरत्या विकायची आणि उरलेल्या वखारवाल्या निसारच्या हातगाड्यावर लादून पंचगंगेकाठच्या मसणवटीत फुकट टाकून यायची. ज्याच्या मयताला लागतील त्यानं घ्याव्यात. दुसरी हुडवी खोलीच्या मागं होती, लहान, वर पत्रा टाकलेला. तिला ती कुणाला हात लावू देत नसे. का, ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि विचारायची कुणाला गरजही वाटली नाही.

आता यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. वाईट हे, की ती गप्प बसायची नाही. नळावर रांग असो, सत्यनारायण असो, बारसं असो, हिचं पालुपद ठरलेलं. "एक मयत म्हंजे एक झाड. पाचशे शेणीत मानूस नीट जळतंय, झाड कशाला तोडायचं?" बारशात मयताच्या गोष्टी. बाळंतिणीच्या तोंडावर. माझ्या आईनं, आम्ही तिला आक्का म्हणायचो, एकदा तिला पाळण्यापासनं हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढलं होतं.

तिचा नवरा ज्ञानू शाहूवाडीच्या डोंगरातनं वखारींना लाकूड आणून द्यायचा, बैलगाडीनं. तो ऐन पावसात गेला. वाळलेलं लाकूड मिळेना, म्हणून दारचं चिंचेचं झाड तोडलं. ओलं. ते काही धड पेटलं नाही. त्या दिवशी नक्की काय झालं हे बनाबाई कधी बोलली नाही. एवढंच म्हणायची, "जलमभर झाडं तोडली, आनि जाताना बी एक घिऊन गेला. मी न्हेनार न्हाय."

तिच्या नादाला लागला एकच माणूस, तो निसार. गल्लीच्या तोंडाला त्याची वखार होती, बापापासनं चालत आलेली. या शहाण्यानं वखारीच्या दारात खडूनं पाटी लिहिली: 'मयतासाठी आधी शेणी बघा. न मिळाल्यास लाकूड मिळेल.' लाकूड विकणाऱ्यानंच लाकूड घेऊ नका म्हणायचं. बाकीच्या वखारवाल्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मीही त्याला एकदा तोंडावर विचारलं, की डोकं ठिकाणावर आहे का. तो म्हणाला, "पिराजी, आब्बांच्या टायमाला गाडी सकाळी जाऊन सांजच्याला भरून यायची. आता दोन डोंगर वर जावं लागतंय, तवा कुठं लाकूड दिसतंय. माझी पोरं काय इकनार, माती?" मी म्हटलं, तुझी पोरं तू बघ. आणि निघून आलो.

आमच्या घरात तर शेणींवर जळणं म्हणजे अब्रूच गेली. गरिबाचं मयत शेणीवर, चार पैसेवाल्याचं लाकडावर, असा आक्काचा सरळ हिशेब. ती मला स्वच्छ सांगून ठेवायची, "मला लाकडावर जाळायचं. त्या बयेच्या हातचं शेण माज्या अंगाला लागलं तर वर जाऊन बी आंघूळ करीन."

एकोणऐंशी सालच्या होळीची गोष्ट. मी तालमीचा सेक्रेटरी होतो आणि गुंडू आमचा म्होरक्या. दरवर्षी आम्ही माळावरनं एक झाड तोडून आणायचो, ते मधे उभं करायचो, भोवतीनं लाकडं आणि शेणी. शेजारच्या गल्लीपेक्षा आपली होळी हातभर तरी उंच पाहिजे, नाहीतर वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. आठ दिवस आधी बनाबाई तालमीत आली. तिथं बाईमाणूस येत नाही, पण हिला कोण सांगणार. म्हणाली, "होळी पाच शेनीची करा. निवद दावा, पाया पडा. बाकीचं मसनवटीत द्या, कुनाच्या तरी उपेगी पडंल."

गुंडू म्हणाला, "मावशी, तुमच्या चुलीवरच करतो की होळी. भाकरी बी भाजून घ्या."

सगळे हसले. ती जाताना म्हणाली, "हसा. तुमी काय अमरपट्टा घिऊन आलाय न्हवं."

सणाच्या तोंडावर मरणाचं बोलली, याचा आम्हाला राग आला. आणि होळीसाठी केलेली चोरी ही चोरी नव्हे, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. लाकूड पळवा, गोवऱ्या पळवा, मोडकी खाट पळवा. मालकानं चार शिव्या द्यायच्या आणि गप्प बसायचं. एकदा होळीत पडलं ते परत काढायचं नाही. होळीच्या दुपारी ती निसारबरोबर गाडा घेऊन मसणवटीत गेली आणि आम्ही प्लॉटवर शिरलो. मोठी हुडवी बघतो तर जवळजवळ रिकामी, सगळं नेऊन टाकलेलं. मग मीच मागच्या हुडवीवरचा पत्रा काढला. मीच. गुंडू म्हणाला, म्हातारीनं विकायला दडवून ठेवल्यात. चौघांनी पाट्या भरभरून त्या होळीला नेल्या. सांजेला होळी पेटली आणि शेजारच्या गल्लीची पोरं बघायला आली, एवढी ती उंच झाली.

ती आली तेव्हा ज्वाळा तारांपर्यंत गेल्या होत्या. आधी ती खोलीमागं जाऊन आली असावी, कारण पदर सुटलेला होता आणि ती धापा टाकत होती. म्हणाली, "त्या पाचशे माज्या हुत्या. माज्या मयताच्या. दोन वरसं जमवल्यात."

 तेव्हा मी पुढं झालो, तोंडावर उलटा हात धरला आणि तिच्या नावानं बोंब ठोकली. तिच्यापासनं दोन हातांवर उभा राहून. मग सगळ्या तालमीनं ठोकली. शिमगाच तो. ओट्यावरनं आक्का म्हणाली, "बरं झालं, माशा तरी कमी हुतील."

बनाबाईनं शिवी दिली नाही. ती आम्हाला उलटी शिवी देईल, मग आम्ही आणखी जोर करू, असा आमचा अंदाज होता. ती नुसती आगीकडं बघत राहिली आणि मग घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासनं ती पुन्हा थापायला बसली. चैत्र, वैशाखाचं ऊन, आणि त्या उन्हात ही म्हातारी डोक्याला फडकं बांधून. आता वाळेल ती शेणी आधी मागं लागायची. मृग निघाला तोवर मागची हुडवी पुन्हा उभी राहिली होती. आता पत्र्यावर तिनं दगडही ठेवले होते.

आषाढात आक्का गेली. तीन दिवसांचा ताप, डॉक्टर दोनदा येऊन गेले, आणि संपलं. त्या वेळी अकरा दिवस पाऊस थांबलेला नव्हता. नदी घाट सोडून वर आलेली. मी निसारच्या वखारीत गेलो. तो एक ओंडका उचलून म्हणाला, "हात लावून बघ. दाबलं की पानी गळतंय. तुला पायजे तेवडं देतो, पर पेटनार न्हाय. मसनवटीतल्या शेनी बी कवाच संपल्या. वाळलेलं या अंगाला एकाच ठिकानी हाय, आनि ते तुला ठावं हाय."

मी गुंडूला आणखी तीन वखारींत पिटाळलं. सगळीकडं तेच. इकडं आक्काला घरात ठेवून सकाळपासनं दुपार झालेली. शेवटी गेलो.

बनाबाईनं दार उघडलं पण मला आत घेतलं नाही. मी पावसात उभा.

"मावशी, आक्का गेली."

"ऐकलं."

"शेनी पायजेत."

"शिमग्याला न्हेल्यास तवा इचारलावतास?"

मी मान खाली घातली. मला वाटलं, एवढ्यावर भागेल. म्हातारी कसली सोडते. म्हणाली, "माज्या नावानं बोंब मारलीस त्या तोंडानं आता गल्लीत सांग, आईला कशानं जाळनार हायस ते. मग घिऊन जा. मोजून पाचशे हायती."

आणि मी सांगितलं. दारात छत्र्या घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या माणसांसमोर, ओरडून सांगितलं, की माझ्या आईला बनामावशीच्या शेणींवर जाळणार. त्या क्षणी हातात काही असतं तर मी तिच्या डोक्यात घातलं असतं. आई घरात पडलेली आणि ही बाई माझ्याकडनं पाढे म्हणवून घेत होती. हे मी तिला कधी माफ केलं नाही.

निसारच्या गाड्यावर ताडपत्री टाकून शेणी नेल्या. रचताना माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक शेणीवर थापताना उठलेली तिची पाच बोटं आहेत. जिला आक्कानं उंबऱ्याबाहेर काढलं तिची बोटं आक्काच्या उशाशी, छातीवर, पायांवर. पाऊस मसणवटीतल्या शेडच्या पत्र्यावर बडवत होता, आणि आक्का चार तासांत नीट जळून गेली. काहीही मागं राहिलं नाही.

श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालतो. त्यात कपडे वाळत नाहीत, तर शेण कुठलं वाळतंय. तरी ती थापत होती. बाहेर जमेना म्हणून खोलीत भिंतीला थापायची. त्यांना बुरशी यायची. मग चुलीच्या कडेला दोन दोन उभ्या करून शेकवायची. हे सगळं मला आमच्या खिडकीतनं दिसायचं. आमचं घर पक्कं, माळ्यावर कोरडी ऐसपैस जागा, खाली मोठी चूल. 'मावशी, इकडं आणून वाळवा' एवढं एक वाक्य म्हणायला हवं होतं. रोज जिभेवर यायचं. पण तिनं मला भर गल्लीत ओरडायला लावलं होतं, ते आठवायचं आणि मी खिडकी लावून घ्यायचो.

राखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती गेली. दूधवाल्यानं हाक मारली, दार उघडंच होतं, ती चुलीपाशी आडवी झालेली. तिचा एक पुतण्या नेसरीला होता. त्याला तार केली, पण पुलावर पाणी होतं आणि एसटी बंद. गल्लीत म्हटलं गेलं, पिराजीनं अग्नी द्यावा. का, ते कुणी बोलून दाखवलं नाही.

मी आणि गुंडूनं खोलीतल्या शेणी मोजल्या. वाळलेल्या सदतीस निघाल्या. बाकीच्या हातात घेतल्या की वाकायच्या. आम्ही आणखी तीन गल्ल्या फिरलो. पावसाळ्यात कोण शेणी देतो? ज्याच्याकडं होत्या त्याला स्वतःच्या चुलीला हव्या होत्या. निसारकडं आदल्याच दिवशी शाहूवाडीहून गाडी आलेली होती. त्यानं ते लाकूड माझ्यासमोर वजनाला लावलं नाही, नुसतं गाड्यावर चढवलं. ताजं तोडलेलं होतं. सालीखाली अजून हिरवं दिसत होतं. एका झाडाचं असावं.

तिला अग्नी द्यायची वेळ आली तेव्हा मला तिचा भयंकर राग आला, आणि आजही येतो. नाही म्हणायचं होतंस. आषाढात दार लावून घ्यायचं होतंस, माझ्या आईचं काय व्हायचं ते झालं असतं, आणि मी तुला आयुष्यभर शिव्या देत सुखानं जगलो असतो. माझ्या आईला लाकूड पाहिजे होतं तर तिला तू शेणी दिल्यास, आणि आता तुला हे लाकूड मी देतोय.

सदतीस शेणी मी तिच्या उशाशी लावल्या. त्या पेटल्या आणि विझल्या. लाकूड नुसतं फसफसत होतं, टोकांतनं पाणी येत होतं. गुंडूनं रॉकेलचा डबा ओतला, तेवढ्यापुरता भडका झाला आणि बसला. दुसरा डबा आणायला तो गेला. मी एकटाच तिथं उभा राहिलो, तोंडावर टॉवेल धरून.

निसार बाहेर फाटकाशी गाडा धरून थांबला होता. त्यानं पावसातनंच हाक मारली, "पिराजी, सरन लागलं काय रं मावशीचं नीट?"

मी म्हटलं, "व्हय, लागलं. तू जा घरी."

लागलं नव्हतं.