रोहूचा पंचनामा

"खोल! खोल म्हन्लं ना डबा! का तुझ्या बापानं कुलूप घातलंय?"

जमादार असा ओरडला की येलदरी धरणातलं पाणी दोन बोटं मागं सरकलं असेल. माझ्या बापाला कुलूप घालण्याजोगं काही कधी मिळालंच नाही. तरी पहिला त्याचाच उद्धार झाला.

जिंतूरच्या अलीकडं, वळणावर नाकाबंदी. माझी मोटारसायकल, मागं थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात येलदरीचे रोहू. पहाटे धरणावर घ्यायचे, जिंतूरच्या बाजारात विकायचे. हाच आपला धंदा.

माझ्या पुढं एक पांढरी गाडी होती. काळ्या काचा. तिच्या डिक्कीत हत्ती बांधला असता तरी जमादारानं सोंडेला सलाम ठोकून सोडली असती. माझा डबा मात्र दर बाजारी उघडायचा. दारू शोधायला. दारू एकदाही सापडली नाही. मासा दर खेपेला सापडायचा. सगळ्यात मोठा. त्याला जमादार 'नमुना' म्हणायचा. तपासणी त्याच्या घरच्या तव्यावर व्हायची. अहवाल कधी आला नाही.

माझा बाप सायकलवर मासे विकायचा. तोही नमुना द्यायचा, वर हात जोडायचा. लोकांना बापाकडून जमीन मिळते. मला हात जोडणं मिळालं.

त्या दिवशीचा रोहू वासराएवढा होता. खोटं वाटत असेल तर वासरू लहान धरा. जमादारानं त्याच्या कल्ल्यात बोट घातलं, उचलला, आणि माझ्या टाकीवरच्या निळ्या स्टिकरकडं बघत हसला.

"तुमच्या लोकांचा हात लागलेला मासा खातो मी. उपकार मान माझे."

दर खेपेला हसून 'घ्या ना, सायब' म्हणणारं माझं तोंड त्या दिवशी उघडलंच नाही. उघडलं तेव्हा भलतंच निघालं. कायदा मला काय माहीत? एक शब्द माहीत होता. गारपीट झाली, तलाठी पंचनामा करतो. बैलावर वीज पडली, पंचनामा. मग माझ्या रोहूनं काय पाप केलं?

"न्यायचा आसंल तर पंचनामा करा, सायब."

कानाखाली अशी बसली की परभणी जंक्शनहून सुटलेली मालगाडी माझ्या कानात शिरली. तिचे डबे अजून संपलेले नाहीत.

आता पुढचा मार मी वाढवून सांगत नाही.

काठी नडगीवर. परत नडगीवर. मग पाठीत. खाली पडलो तर बूट तोंडावर. पुढचा दात तुटला. त्यानं केस धरून मला उठवलं आणि तोंड डब्यात दाबलं, बर्फात. "शोध दारू! आता तूच शोध!" बर्फाचं पाणी नाकात गेलं. बर्फ लाल झाला. समोर एक मासा. त्याचे डोळे उघडे, माझेही उघडे. बाजूला एसटी थांबल्याचा आवाज आला. खिडक्यांत माणसं भरली असतील. कुणी उतरलं नाही.

बापानं शिकवलं होतं, मार चुकवायचा तर हात जोड. मार तर पडून गेला होता. मग आता हात कशाला जोडायचे?

डोकं वर काढलं. रक्त थुंकलो.

"पंचनामा करा."

इथं जमादाराचं डोकं सरकलं. "करतो! तुला पंचनामाच पायजे ना? सगळाच माल जप्त! गाडी बी जप्त!"

मी एसटीकडं बोट दाखवलं. "ह्या लोकांला पंच करा. समद्यांनी बघितलंय."

"पंच प्रतिष्ठित लागतो रं. तुमच्या वस्तीत हाय का एक तरी प्रतिष्ठित?"

मग वळणावरचा चहाटपरीवाला प्रतिष्ठित झाला. त्याचा मेव्हणाही झाला. दोघांनी चहाच्या हातानं सह्या केल्या. डब्याला सुतळी आवळली, लाख वितळवली, वर शिक्का मारला. माझे रोहू मुद्देमाल झाले. मी लंगडत जिंतूरला गेलो.

तिथल्या वकीलबाईंनी आधी मला सरकारी दवाखान्यात नेलं, जखमा लिहून घेतल्या. मग विचारलं, "जप्तीचा व्हिडिओ काढला का त्यांनी? नवीन कायद्यात काढावाच लागतो."

"व्हिडिओ कुठला, बाई? दात काढला."

त्या हसल्या नाहीत. "मारहाणीचा अर्ज देते मी वर, एसपीकडं. ते आता बोलावतील, गोड बोलतील. तो डबा मुकाट्यानं परत घेऊ नकोस. डबा परत घेतलास की मारसुद्धा परत घेतलास, असं समज."

पुढं लागून सुट्ट्या आल्या. कोर्ट बंद, वैशाखाचं ऊन, आणि ठाण्याच्या खोलीत सीलबंद रोहू. दुसऱ्या दिवशी वास उठला. तिसऱ्या दिवशी ठाण्यातल्या मांजरांनी बदली मागितली. कोठडीतल्या एका चोरानं म्हणे न केलेल्या चोऱ्याही कबूल केल्या, फक्त मला मोठ्या जेलात धाडा म्हणाला. फोडून फेकावं तर शिक्का सरकारी, कागद सरकारी, आणि वकीलबाईंचा अर्ज वर पोचलेला.

मला बोलावणं आलं. ठाण्याच्या मोठ्या साहेबाच्या नाकाला रुमाल. त्या ठाण्यात पहिल्यांदा मला खुर्ची मिळाली.

"बस बाबा. चहा घे. तो डबा ने, गाडी बी ने. कागद फाडून टाकू. काहीच झालं न्हाई म्हन."

टेबलावर माझ्या गाडीची किल्ली. गाडी गेल्यापासून घरात चूल बायकोच्या मजुरीवर पेटत होती. त्या किल्लीकडं मी लय वेळ बघितलं. जीभ आपोआप तुटक्या दातावर गेली. कानात मालगाडी चालूच.

कोपऱ्यातून जमादार पुढं आला. "ने ना भाऊ आता," म्हणाला, आणि त्यानं हात जोडले. माझा बाप जोडायचा, अगदी तसेच.

किल्ली मी साहेबाकडं परत सरकवली.

"सील फोडायचं तर पंच लागतात, सायब. आमच्या वस्तीतले आणा."