‘नाही’ दाबायला मीच शिकवलं होतं

आमच्या घरात कामांची वाटणी ठरलेली आहे. नाशिकची ताई डॉक्टरांशी बोलून आईच्या डोळ्यातल्या इंजेक्शनची तारीख ऑनलाइन कॅलेंडरमध्ये टाकते. मी दर रविवारी माझ्या कॉम्प्युटरवरून आठवड्याचं पान छापतो. आई ते पान फ्रिजवर चुंबकाखाली लावते आणि त्याखेरीज कशावरही विश्वास ठेवत नाही.

हे इंजेक्शन, आईच्या भाषेत ‘सुई’, डोळ्याच्या पडद्यामागे पाणी साठू नये म्हणून. ते वेळेवर घ्यावं लागतं. उशिरामुळे गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्या वसईत ते येत नाहीत. विरारच्या दवाखान्यात महिन्यातून दोन शनिवार बसतात, तीन वाजता निघतात.

त्या शनिवारी मी सुट्टीवर होतो. पाठ धरली होती, डोकं जड होतं, काहीही न करण्याचा माझा बेत होता. आई बाल्कनीत बसून ग्रिलकडे बघत होती. खाऱ्या हवेने गंजलेलं आमचं ग्रिल म्हणजे तिचं घरगुती यंत्र. सळया सरळ दिसल्या तर डोळा ठीक.

“सगळ्या मधेच वाकतायत रे,” ती म्हणाली. “या महिन्यात सुई नाही का?”

“कॅलेंडरमध्ये नाही. पान बघ ना फ्रिजवर.”

“पान कोरं आहे.”

“म्हणजे नाही.”

हे मी सोफ्यावरून न उठता, डोळे मिटून सांगितलं. आता आठवलं की लाज वाटते. आई म्हणाली, “मागचंही कोरंच होतं. त्याच्या मागचंही.”

तेव्हा मात्र उठलो. तीन आठवडे आमच्या घरात ना गॅसचा नंबर, ना कुणाचा वाढदिवस, ना सोसायटीची मीटिंग. एवढं निवांत कुटुंब वसईत कुठे असेल?

माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. मशीन जुनं, नव्या सिस्टिमचं ओझं त्याला झेपेना, म्हणून ही हलकी, फुकटची सिस्टिम मीच टाकली आणि वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला तिचे गुण ऐकवले. ताईने तेव्हाच सांगितलं होतं, “तुला साधा मिक्सर दुरुस्त करता येत नाही, कशाला या भानगडीत पडतोस?” त्यामुळे ताईला फोन करून तारीख विचारणं हा जो एका मिनिटाचा उपाय होता, तो मी बाजूला ठेवला.

“ताईला विचार ना,” आई म्हणाली.

“नको, होतंय.”

सेटिंगमध्ये ऑनलाइन खात्यांच्या पानावर एक ओळ होती : खात्याची ओळख संपली आहे, पुन्हा साइन इन करा. ही सूचना महिनाभर रोज सकाळी कोपऱ्यात उगवत होती आणि मी रोज तिला, डास हाकलावा तसा, हाकलत होतो. कॅलेंडर बिचारं जुनंच साठवलेलं दाखवत राहिलं आणि मी ते इमानाने छापत राहिलो.

कारणही माझंच. सोसायटीत फसवणुकीच्या फोनवर एक व्याख्यान झालं होतं. ते ऐकून मी पेटून उठलो आणि एका संध्याकाळी घरातले सगळे पासवर्ड बदलले. फोनवर नवे टाकले. कॉम्प्युटरवर ‘नंतर’ दाबलं.

आता नवा पासवर्ड टाकला. स्क्रीन म्हणाली, फोनवर विचारणा पाठवली आहे, मंजूर करा. वाट पाहिली. उत्तर आलं : नाकारलं. पुन्हा केलं. पुन्हा नाकारलं. मी नेट तपासलं, घड्याळ तपासलं, मशीन बंद करून चालू केलं, इंटरनेटवर कुणा परदेशी माणसाने लिहिलेली एक लांबलचक आज्ञा काळ्या खिडकीत उतरवली. तिने काय केलं ते मला आजही माहीत नाही. एक वाजून गेला. तिसऱ्यांदा नाकारलं.

बाल्कनीतून आई म्हणाली, “तो मेला परत आला होता. घालवला.”

“कोण?”

“फोनवर. तुम्हीच आत येताय का, विचारतो. तू सांगितलंयस ना, कुणी काही विचारलं की ‘नाही’ दाबायचं? तीनदा दाबलं. सकाळीही काहीतरी वाजलं होतं, तेही पुसून टाकलं.”

खातं आईच्या नावाचं. ‘आईच्या तारखा आईच्याच खात्यात’ हे ताईचं म्हणणं. म्हणजे दोन तास मी दार ठोठावत होतो आणि आई, माझ्याच शिकवणीप्रमाणे, मला घराबाहेर ठेवत होती. भिंग लावून, एकेक अक्षर वाचून.

“आई, तो मीच होतो.”

“मग हाक मारायचीस. एका घरात राहतो आपण.”

या खेपेला तिने ‘हो’ दाबलं. लगेच कॉम्प्युटरने नवी चौकट पुढे केली : चाव्यांचा जुडगा, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची पेटी, उघडायला तिचा वेगळा पासवर्ड द्या. नवा दिला, चालेना. जुडग्याला बदलाची खबरच नव्हती, त्याला जुनाच हवा होता आणि जुना मी विसरलो होतो.

“बाबांच्या स्कूटरचा नंबर होता बहुतेक,” मी पुटपुटलो.

आईने तो घडाघडा सांगितला. स्कूटर विकूनही किती वर्षं झाली.

चक्र फिरलं आणि कोरा महिना भराभर भरत गेला. गॅस, मीटिंग, भाचीचा वाढदिवस, आणि आजच्या खान्यात : आई, इंजेक्शन, सकाळी अकरा. घड्याळात दीड वाजत आला होता.

दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, “नाव पुकारून झालं तुमचं. डॉक्टर तीनला उठतात, त्याच्या आत या. मग बघू.” बघू म्हणजे काय, हे विचारायची हिंमत झाली नाही. रिक्षात आईने माझा दंड धरला होता. नालासोपाऱ्याजवळ सगळं तुंबलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “दुसरा डोळा आहे की.” मला हे ऐकवेना.

पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. डॉक्टर चिडले, पण त्यांनी घेतलं. बाहेर बाकावर बसून मी शेवटी ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं.

ताई म्हणाली, “तारीख आईच्या फोनमध्येही होती ना रे. उघडून बघायची.”

हे मला सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं.

पट्टी निघाल्यावर आई रोज सकाळी ग्रिलसमोर बसू लागली. मी विचारत नव्हतो आणि ती सांगत नव्हती. आठव्या दिवशी म्हणाली, “बाकीच्या सरळ झाल्या. तिसरी अजून वाकते.”

मी मोजपट्टी आणली, सळईला लावून पाहिली. मधोमध बोटभर फट होती.

“वाकडीच आहे गं ही.”

“हो का?” आई म्हणाली. “मग कपाट दोरीने बाल्कनीतून वर घेताना वाकली असेल. चहा टाक.”