मोटर चालू असताना

आमच्या इमारतीच्या गच्चीची किल्ली माझ्याकडे असायची, म्हणून बर्नार्डकाकांशी माझी ओळख झाली. १९९६ साली मी आणि माझे यजमान चंद्रहास साताऱ्याहून नालासोपाऱ्यात राहायला आलो. चौथा मजला, दाराला लागूनच गच्चीचा जिना. बर्नार्डकाका आणि जुलियानाकाकी आमच्या खालच्या मजल्यावर. रोज सकाळी सहाच्या सुमाराला दारावर दोन टकटका व्हायच्या. बाहेर काका उभे. उंच, पाठीत थोडे वाकलेले, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, गळ्यात काळ्या दोऱ्यातला क्रूस.

"किल्ली दे बाय," एवढंच म्हणायचे.

गच्चीवर त्यांचे टोमॅटो होते. रंगाचे रिकामे डबे, तेलाचे चौकोनी पत्र्याचे डबे, कान तुटलेलं एक घमेलं, सगळी मिळून बावीस झाडं. प्रत्येक डब्याच्या बुडाला तापवलेल्या सळईनं पाडलेली भोकं, खाली विटेचे दोन तुकडे. झाडं बांबूच्या काड्यांना जुन्या साडीच्या पट्ट्यांनी सैलसर बांधलेली. मातीवर केळीची सुकी पानं पसरलेली, म्हणजे पत्रा तापला तरी ओल टिकावी. दुधाच्या पावडरच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून त्यांनी झारी केली होती. आधी बोट दोन पेरं मातीत खुपसायचे, ओल बघायचे, मग बुंध्याशी सावकाश पाणी. पानांवर थेंब पडू द्यायचे नाहीत. खालून पाणी ठिबकायला लागलं की पुढचा डबा.

मी चहाचा कप घेऊन कधीकधी वर जायची. झाडांविषयी विचारलं की ते चार वाक्यं बोलायचे. बाकी विचारलं की गप्प. पण एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. खाली पंपाची मोटर सुरू झाली, की काका थांबायचे.

आमच्याकडे तेव्हा टँकरचं पाणी. टँकर आला की खालच्या टाकीत पाणी, मग मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मोटरची घरघर पाइपातून थेट वर यायची, पायाखालची लादी थरथरायची. ती सुरू झाली की काका हातातली झारी खाली ठेवायचे, कठड्यापाशी जायचे आणि मान तिरकी करून उभे राहायचे. खालून कोणी हाक मारतंय आणि नीट कळत नाहीये, असे. मग उरलेली झाडं तशीच ठेवून जिना उतरायचे.

"काका, पाणी राहिलं अर्ध्या झाडांचं."

"उद्या."

उद्या टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. कधी पहाटेच मोटर सुरू, मग काका वर यायचेच नाहीत. साडेअकराला मी शाळेत शिकवायला जायची, किल्ली माझ्या पर्समध्ये. एप्रिलच्या उन्हात दोन दोन दिवस झाडं माना टाकून उभी असायची. तिसऱ्या दिवशी काका येऊन डबे पाण्यानं भरून टाकायचे.

१९९९च्या उन्हाळ्यात फळं काळी पडायला लागली. वरून छान हिरवी, लालसर, आणि उलटी करून बघितली की बुडाशी काळा, चामड्यासारखा खोलगट डाग. एक नाही, दोन नाही, सगळ्याच झाडांवर. काका ती फळं तोडून कठड्यावर ओळीनं मांडायचे आणि बघत बसायचे.

"कीड आहे का?" मी विचारलं.

"कीड नाय." एक फळ उलटं करत ते म्हणाले, "काशीरामची आहेत ती. त्याला खाता येत नाहीत, आणि मलाही खाऊ देणार नाही तो."

 खाली आल्यावर मी जुलियानाकाकींना विचारलं, काशीराम कोण.

काकी मासे साफ करत होत्या. त्यांनी विळी बाजूला ठेवली, हात धुतले आणि दार लोटून घेतलं. मग सगळं सांगितलं.

निर्मळजवळ त्यांची वाडी होती. केळी, मोगरा, भाजी. शेजारची वाडी काशीरामची. दोघांच्या विहिरींमध्ये साठ-सत्तर पावलं. काशीराम आणि बर्नार्ड लहानपणापासूनचे मित्र, काशीरामच्या गणपतीला हे, ह्यांच्या नाताळाला तो. मग स्टेशनकडे इमारती उठायला लागल्या, तिथं पाणी नव्हतं, आणि वाड्यांमध्ये टँकर येऊ लागले. बर्नार्डनं विहिरीवर मोठी मोटर बसवली आणि टँकर भरून द्यायला सुरुवात केली. दोन वर्षांत काशीरामच्या विहिरीचा तळ दिसू लागला.

"त्र्याण्णव सालचा एप्रिल," काकी म्हणाल्या. "सकाळी तो आमच्या अंगणात आला. म्हणाला, बर्नाड, दोन दिवस मोटर बंद ठेव. माझी विहीर जरा चढू दे, टोमॅटो जळायला आलेत. हे म्हणाले, टँकर उभा आहे, उद्या बघू. तो घरी गेला, आणि पहार घेऊन स्वतःच विहिरीत उतरला, तळ खोल करायला. दुपारी कड ढासळली. तो खाली गाडला गेला."

"आणि काका?"

"आमची मोटर चालू होती. ह्यांना काहीच ऐकू आलं नाही. सगळा गाव धावला, आणि सगळ्यात जवळ असून हे सगळ्यात शेवटी पोचले." काकींनी ओल्या हातांकडे बघितलं. "त्या दिवसापासून मोटर बंद. पण बाकीच्यांच्या चालूच होत्या. तीन वर्षांत समुद्राचं पाणी शिरून आमची विहीर खारी झाली, केळीची पानं करपली. वाडी विकली आणि इथं आलो. इथं आलो तर इथंही मोटर."

काशीरामची बायको द्वारका मुलाला घेऊन चांदीपला माहेरी निघून गेली होती. त्यानंतर ती आणि काका कधी समोरासमोर आले नव्हते.

पुढच्या आठवड्यात काका माझ्या दारात आले ते पांढरा शर्ट आणि फुल पँट घालून. हातात कापडी पिशवी, पिशवीत काळ्या बुडाचे टोमॅटो.

"बाय, तुझ्या शाळेला सुट्टी लागली ना? माझ्यासोबत चांदीपला येशील?"

"काकी येत नाहीत?"

"तिला नको. तिच्यासमोर मला बोलता येणार नाही."

विरारहून एसटी मिळाली.  सबंध वाटेत काका पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. कापलेल्या भातशेतांमधून चालत आम्ही गावात शिरलो. कोणाला तरी विचारलं, त्यानं घर दाखवलं.

द्वारकाबाई पडवीत बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. पन्नाशीच्या, काटक. त्यांनी वर बघितलं, काकांना ओळखलं, आणि पुन्हा सुपात बघितलं.

"बसा बर्नाडदादा," त्या म्हणाल्या. मला त्यांनी पाण्याचा तांब्या दिला.

काकांनी पिशवी उघडून टोमॅटो त्यांच्यापुढे ठेवले. "हे बघ वहिनी. गच्चीवर लावलेत, डब्यांत. सगळे असेच होतात. मला वाटतं काशीराम..." 

द्वारकाबाईंनी एक टोमॅटो उचलला, उलटा केला, अंगठ्यानं डाग दाबून बघितला.

"बूड जलालंय. पानी सारखं नाय मिलत झाडाला. एक दिस बुडवायचा, दोन दिस तहानेला ठेवायचा, मग आसं होतं. डब्यातली माती केवढी ती. तिला रोजच्या रोज पानी लागतं." त्यांनी टोमॅटो खाली ठेवला. "तो कशाला येल तुमच्या गच्चीवर?"

काका जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, झालं, आता निघायचं. पण ते उठले नाहीत.

"वहिनी, मी खोटं बोललो होतो," ते म्हणाले. "सगळ्यांना सांगितलं, मोटरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं होतं. हाक ऐकू आली होती. मला वाटलं काशीराम पुन्हा भांडायला लागला मोटरवरून, म्हणून मी गेलो नाही. टँकर भरेपर्यंत तिथंच उभा राहिलो. अजून त्याची ती हाक ऐकू येते मला. मोटर लागली की येते. जुलियानालाही मी हे सांगितलेलं नाही."

द्वारकाबाईंचा हात सुपात थांबला. 

"तो नव्हता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तो मातीखाली होता, दादा. त्याच्या तोंडात माती. तो काय हाक मारनार? मी मारत होते. तुमच्याच नावानं. बर्नाडदादा, धावा, म्हनून. किती येळा मारली, मलाच आठवत नाय. मग कुंपनाच्या फटीतून बघितलं, तर तुमी टँकरजवल उभे. मान वलवली तुमी, माज्याकडं बघितलंत, आनि परत पाइपाकडं वललात."

 सहा वर्षं काका मेलेल्या माणसाची हाक ऐकत होते, आणि ती हाक मारणारी बाई त्यांच्यासमोर तांदूळ निवडत बसली होती.

"मला दिसली नाहीस तू. देवाशपथ."

"नसंल दिसली. मला तुमी दिसलात." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त कठीण होतं. "मी कोनाला सांगितलं नाय. सांगून तो वर येनार नव्हता. पन माफ केलं, आसं माज्या तोंडून निघनार नाय. ते मागू नका."

"मागायला आलो नाही."

"मग झालं. रोज पानी घाला. एसटी येल आता तुमची."

परत येताना काका पिशवी तिथंच विसरले हे मला विरारला उतरल्यावर कळलं. त्यांना सांगितलं, तर नुसती मान हलवली.

त्यानंतर ते रोज पाणी घालू लागले. मोटर सुरू झाली तरी झारी खाली ठेवायचे नाहीत. पण ते बरे झाले, असं कोणी समजू नये. मोटर चालू असली की त्यांच्या झारीचं पाणी पानांवर पडायचं, डब्याबाहेर सांडायचं, आणि तरी ते बाविसावं झाड होईपर्यंत जात राहायचे. एकदा मी झारी धरायला पुढे झाले.

"राहू दे," ते म्हणाले. "आधी वाटायचं, तो मला बोलावतोय, त्याच्याकडे. त्याची भीती होती. आता माहीत आहे ती बोलावत होती, आणि तेव्हा जाता आलं असतं. हे जास्त वाईट आहे, बाय. पण निदान खरं आहे."

जुलियानाकाकींना त्यांनी त्याच वर्षी सगळं सांगितलं. काकी महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग बोलू लागल्या. फळांची बुडं पुढच्या बहरापासून स्वच्छ निघाली. काका इमारतभर वाटायचे, स्वतः मात्र एकही खायचे नाहीत. चांदीपला काही पाठवू का, असं मी एकदा विचारलं. "तिनं मागितलेलं नाही," म्हणाले.

२००४च्या जुलैत, ऐन पावसात, काका गेले. दोन दिवसांचा ताप, बस. पापडीला काकींच्या माहेरच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली, तिथल्याच सिमेटरीत त्यांना पुरलं. काकी तिथंच दिलेल्या लेकीकडे पापडीला राहिल्या.

आठवड्यानं मी एकटीच चांदीपला गेले. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण कळवायला हवं असं वाटलं. लावणी चालू होती. द्वारकाबाई गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावत होत्या, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. मी बांधावर उभी राहून सांगितलं. त्या वाकलेल्याच राहिल्या. हातातली मूठ लावून संपवली, मग सरळ झाल्या.

"बायको कोनाकडं हाय?"

"मुलीकडे. पापडीला."

"एकटी नाय ना?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. पावसाचं पाणी तोंडावरून निथळत होतं, त्यातलं डोळ्यांतलं काही होतं का, ते मला ओळखता आलं नाही. "घरी सून हाय, च्या पिऊन जा," म्हणाल्या, पुढची मूठ उचलली आणि पुन्हा वाकल्या.